निराशेचा शहाणपणा

पॅरिसला २०१५ साली हवामानबदलाविषयी करार झाला. त्यानंतरही परिषदा भरत आहेत, आणि प्रत्येक परिषदेनंतर आपल्या दिवाणखान्यांतून एकच उद्गार निघतो : ‘यातून काही व्हायचे नाही, माणूस मुळातच स्वार्थी!’ असे म्हणणारा शहाणा ठरतो आणि प्रतिवाद करणारा भाबडा. आम्ही काही वर्षे शिक्षकी केली आहे. ‘हे गणित सुटणारच नाही’ असे सर्वांआधी सांगणाऱ्या विद्यार्थ्याची वही बहुधा कोरी असे.

या शहाण्यांनी एकदा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात, जाऊन उभे राहावे. हमालाच्या पाठीवर एके काळी शंभर किलोंचे पोते असे. आज ते बहुधा पन्नासाचे असते. हा फरक कोणाच्या हृदयपरिवर्तनाने पडलेला नाही. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. मग त्याच्या म्हातारपणाची तरतूद कोणी करावी? एखाद्या सज्जन व्यापाऱ्याने एकट्याने केली, तर शेजारच्यापेक्षा त्याचाच खर्च वाढणार. सज्जनपणा येथे अडतो.

पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले. १९६९ साली राज्याने माथाडी कायदा केला. त्याने मालक व कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. मजुरी आणि तीवरची लेव्ही मंडळात भरायची, व तीतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, औषधोपचार यांची सोय व्हायची. भार सर्वांवरच पडल्यामुळे चांगले वागणाऱ्याला तोटा सोसण्याचे कारण उरले नाही. व्यापाऱ्याने संत व्हावे, अशी अपेक्षा कायद्याने ठेवलीच नाही.

या कायद्यासाठी दशकाहून अधिक काळ झगडावे लागले, हे उतावळ्या आशावाद्यांनी ध्यानात घ्यावे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशा तक्रारीही आहेत व त्या झटकून टाकण्याजोग्या नाहीत.

राष्ट्रांच्या डोक्यावर असे मंडळ कोठे आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण ओझोनच्या थराचे रक्षण करणारा १९८७ चा माँट्रियल करार पाहा. करारात न येणाऱ्या देशाशी त्या घातक रसायनांचा व्यापार करण्यास त्याने बंदी घातली. बाहेर राहणेच तोट्याचे झाले, आणि पुढे जगातील झाडून सारी राष्ट्रे त्यात आली. कर्बवायूंच्या बाबतीत हे काम कितीतरी अवघड आहे, कारण चूल, कारखाना आणि मोटार यांपैकी काहीच त्यांतून सुटलेले नाही. पण अवघड आणि अशक्य हे दोन वेगळे शब्द आहेत.

पन्नास किलोंचे ओझेही थोडे नव्हे. ते घेऊन भर वैशाखात ट्रकपासून गाळ्यापर्यंत खेपा घालणाऱ्याला तापमानवाढ समजावून सांगावी लागत नाही. उन्हाच्या प्रहरी त्याला सक्तीची विश्रांती देणारा नियम बाजार समितीने सर्व गाळ्यांना सारखाच लागू करावा, एवढेच आमचे आजचे मागणे आहे.