वार कोठे रुजली, हे वेळेत कळावे

‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या जुन्या व्यापारी वैभवातून आली. परंतु पाळणा हलावयाचा, तर आधी आई सुखरूप राहावयास हवी. १९८१ साली अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याने त्या दृष्टीने एका दुर्लक्षित धोक्याचा विचार करावयास हवा.

बाळंतपणानंतर वार साधारणतः आपोआप सुटते. मात्र पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणावर ती रुजली, तर गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतू शकते. मग ती सोडवू जाता जीवघेणा रक्तस्राव होतो आणि पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांत हा प्रकार दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के आढळला, असे २००६ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास सांगतो.

पहिली तपासणी अर्थातच सोनोग्राफीची. वार मागच्या भिंतीला असेल किंवा चित्र संदिग्ध असेल, तर एमआरआय उपयोगी पडते. वार किती खोल गेली, मूत्राशयापर्यंत पोचली काय, याचा त्यातून अंदाज येतो. त्यात क्ष-किरण नसतात. २८ ते ३२ आठवड्यांचा काळ या तपासणीस योग्य मानतात. तिचा निष्कर्षही अचूकच असतो असे नाही. पण रक्ताची व शल्यचिकित्सकांची तयारी आधी करता येते, हा लाभ लहान नव्हे.

जालन्याचे दुखणे नेमके या कालावधीत आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. उचल घेतलेली असते आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तेव्हा गरोदर स्त्रीही फडावर जाते. तपासणीचे आठवडे तेथेच उलटतात आणि आधीच्या सिझेरियनचे कागद गावी पेटीत राहतात.

२०२४ साली जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु केवळ यंत्राने काम भागणार नाही. चित्र वाचणारा तज्ज्ञ, सज्ज रक्तपेढी आणि घाटी रुग्णालयाकडे वेळेत पाठविण्याची व्यवस्था त्याच्या जोडीला हवी. टोळ्या निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने सिझेरियन झालेल्या प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद करावी, कागद तिच्या हाती द्यावेत आणि कारखान्याजवळच्या रुग्णालयास तसे कळवावे. यास फार पैसा लागत नाही. रक्तस्राव सुरू झाल्यावर गाडी शोधण्यापेक्षा वार कोठे आहे हे आधीच विचारणे, हेच शहाणपणाचे.