बिल नसलेली बाटली

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला, नागरवाड्यात मावशीकडे गेले होते. ताईचे लग्न दोन महिन्यांवर आलेले. पण ताई दोन दिवस उलट्यांनी हैराण होऊन पडून होती. शेवटी सलाईन लावावे लागले. मग फ्रीजमध्ये लोण्याच्या वाटीमागे एक इवलीशी बाटली सापडली. आत पांढरी पूड, वर लिहिलेले ‘केवळ संशोधनासाठी’. वजन उतरवण्याचे इंजेक्शन म्हणून तिने ते मोबाईलवरून मागवले होते. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, बिल नाही.

“अगं, हे औषध खरंच निघालंय!” ताई म्हणाली. ते खोटे नाही. टिरझेपटाईड मार्च 2025 पासून आपल्या देशात रीतसर विकले जाते, सेमाग्लुटाईडही मिळते. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. वजनासाठी सेमाग्लुटाईड आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू करून महिन्यामहिन्याने वाढवतात. घरी पूड कालवून सिरिंजवरच्या रेघा मोजणाऱ्याचा हिशेब एका शून्याने चुकला, तर डोस दहापट! उलट्या, पित्ताशयातील खडे, स्वादुपिंडाची सूज हे धोके अस्सल औषधालाही आहेत; मग अनोळखी पुडीचे काय सांगावे? बनावट सेमाग्लुटाईडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्येच जगाला सावध केले होते. मान्यता असलेले सिबुट्रामिनसुद्धा हृदयाच्या धोक्यामुळे 2011 मध्ये आपल्याकडे बंद करावे लागले. तपासलेल्या औषधाची ही कथा, तर न तपासलेल्याची काय असेल?

आणि हे घडले कुठे? जिथे 1907 साली अलेंबिक कारखाना उभा राहिला, जिथे गुजरात सरकारची औषधे तपासण्याची प्रयोगशाळा आहे, त्या बडोद्यात!

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व्हाउचरशिवाय पाच रुपयांचा खर्चही मान्य करत नाही. मग शरीराच्या खात्यात बिनपावतीची नोंद कशी चालते?

पण दोष एकट्या ताईचा आहे का? साखरपुड्यात कोणीतरी म्हणाले होते, “मुलगी छान आहे, जरा बारीक झाली तर बरं.” सगळे हसले. मीही हसले होते. स्थूलपणा हा आजार असेल तर त्यावर डॉक्टरांकडून उपचार व्हावेत. थट्टेने तो बरा होत नाही. थट्टा झालेला माणूस मात्र गुपचूप बाटली मागवतो.

मित्रमैत्रिणींनो, औषध घेताना बिल मागा. आणि कोणाच्या अंगावर हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. मी आता थांबते.