मार्गिकेची मर्यादा

पत्रादेवीपाशी गोव्यात प्रवेश करून म्हापसा, पणजी, मडगाव ही शहरे जोडीत काणकोण तालुक्यातील पोळे येथे कर्नाटकाच्या हद्दीत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ हा या भूमीचा कणा आहे. पूर्वी सतराव्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याचे रूप गेल्या काही वर्षांत पार पालटले. २७ जानेवारी २०१९ रोजी मांडवीवरील अटल सेतूचे उद्घाटन झाले. झुआरीवरील आठपदरी सेतूचे पहिले चार पदर डिसेंबर २०२२ मध्ये आणि उरलेले चार डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीस खुले झाले. जेथे एकामागून एक वाहने रांगत जात होती तेथे आता ती शेजारीशेजारी धावू लागली. रस्ता रुंद झाला म्हणजे प्रवास सुखाचा होईल अशी आपणा सर्वांची भाबडी समजूत होती. ती किती फोल होती हे या महामार्गावरून रोज नोकरीधंद्यासाठी ये-जा करणारा कोणीही मनुष्य सांगू शकेल. चतुर्थीचे दिवस जवळ येत आहेत. मुंबईचे चाकरमानी कोकणाकडे आणि पणजी-वास्कोतले नोकरदार आपापल्या मूळ घरी निघतील. अशा वेळी या विषयाची स्पष्ट शब्दांत चर्चा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दोन्ही दिशांना दोनदोन मार्गिका असलेल्या रस्त्याचा दंडक अगदी साधा आहे. नेहमीचा प्रवास डाव्या मार्गिकेतून करावयाचा. उजवी मार्गिका पुढच्या वाहनाला मागे टाकण्यापुरती वापरावयाची, आणि काम झाले की पुन्हा डावीकडे यावयाचे. आपल्याकडे घडते ते याच्या नेमके उलट. खडी वा सिमेंट लादलेला अवजड ट्रक ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या गतीने उजवी मार्गिका अडवून डुलतडुलत चाललेला असतो. मागची मोटार कर्णा वाजविते, दिव्यांचा प्रखर झोत टाकते. ट्रकचालक ढिम्म हलत नाही. अखेर मोटारवाला चिडून डावीकडून मुसंडी मारतो. त्या डाव्या बाजूला कोण असते? कामावर निघालेला दुचाकीस्वार असतो, गिऱ्हाइकाला मागे बसवून चाललेला पायलट असतो, थांब्यावर उतारू घेण्यासाठी थांबलेली बस असते, रस्ता ओलांडण्यासाठी कडेला उभी असलेली शाळकरी मुले असतात. उजवीकडून कोणी पुढे जाईल याची त्यांना कल्पना असते. डावीकडून, आपल्या कोपराला घासून, काळ येईल याची त्यांना कल्पना नसते. ज्याने पहिली चूक केली तो ट्रकचालक पुढे निघून जातो, आणि ज्याने कोणतीच चूक केली नाही तो रस्त्यावर पडतो.

मार्गिकेची शिस्त ही केवळ सभ्यतेची बाब आहे असे मानणारांनी ही साखळी ध्यानात घ्यावी. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे बावीस मीटर अंतर कापते. संकट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुज्ञ व सावध चालकालाही सेकंदभर लागतोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बावीस मीटर संपलेले असतात. म्हणूनच पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे, अर्थात या वेगाला सुमारे चव्वेचाळीस मीटरचे, अंतर राखावे असे जाणकार सांगतात. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, ते आणखी वाढवावयास हवे. आपल्या महामार्गावर हे अंतर कोण राखतो? कोणी राखलेच तर त्या मोकळ्या जागेत तिसराच वाहनचालक क्षणार्धात घुसतो, आणि ज्याने शहाणपणा केला त्यालाच पुन्हा मागे सरावे लागते. शहाण्याला शिक्षा आणि दांडगटाला बक्षीस असा न्याय जेथे रूढ होतो तेथे शहाण्यांची संख्या रोडावत जाते, हा जगाचा अनुभव आहे.

आणि ही सारी धडपड कशासाठी? पणजी ते मडगाव हे अंतर सुमारे तेहतीस किलोमीटर. ताशी साठच्या सरासरीने गेलो तर तेहतीस मिनिटे लागतात. ताशी ऐंशीच्या सरासरीने गेलो तर पंचवीस. बचत आठ मिनिटांची, तीही वाटेत एकही सिग्नल नाही, एकही वळण नाही, कोठे गर्दी नाही असे गृहीत धरले तर. प्रत्यक्षात नागमोडी वळणे घेत, दहा जणांना धडकी भरवीत पुढे गेलेली मोटार पुढच्याच सिग्नलपाशी आपल्या शेजारी उभी असलेली आपण नित्य पाहतो. एवढ्यासाठी आपण स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव पणाला लावतो, याचा हिशेब चालकाच्या आसनावर बसण्यापूर्वी प्रत्येकाने करावा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला साडेचारशेहून अधिक. देशातील एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. पण मृतांपैकी सुमारे छत्तीस टक्के या महामार्गांवरचे. मृतांत दुचाकीवरील माणसांचे प्रमाण चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक. बहुतांश अपघातांचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यातही वर्षाकाठी अडीचशे ते तीनशे माणसे रस्त्यावर प्राण गमावतात. एखाद्या रोगाने इतकी माणसे दगावली असती तर विधानसभा दणाणली असती, आरोग्य खात्याला जाब विचारला गेला असता. रस्त्यावरच्या मरणाला मात्र आपण दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

ते दैव नव्हे, हे दाखविणारी दोन उदाहरणे आपल्या शेजारच्याच राज्यात आहेत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. तीन मार्गिकांचा रस्ता त्या पुलापाशी दोन मार्गिकांचा होत होता, आणि कडेच्या मार्गिकेतून वेळीच आत येणे साधले नाही, असे तपासात पुढे आले. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा बांधलेला नव्हता. उत्तम मोटार, सुशिक्षित माणसे, भर दिवसाची वेळ. तरी मार्गिका बदलण्यातली एक चूक आणि रस्त्याच्या रचनेतला एक दोष यांनी घात केला. दुसरे उदाहरण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या या सहापदरी मार्गावर २०१६ या एका वर्षात १५१ जणांचे बळी गेले होते. पुढे तेथील धोक्याच्या जागा शोधून कठडे उभारण्यात आले, कडेला उभी राहणारी वाहने हटविण्यात आली, मार्गिका तोडणारांवर कारवाईचा बडगा उगारण्यात आला आणि नंतरच्या काही वर्षांत बळींची संख्या लक्षणीय घटली. २०२४ सालापासून तेथे कॅमेऱ्यांच्या नव्या यंत्रणेची नजरही आहे. रस्ता तोच, माणसेही तीच. बदलली ती व्यवस्था आणि पकडले जाण्याची खात्री.

या प्रश्नाचे खापर परराज्यातून येणाऱ्या पर्यटकांवर आणि ट्रकचालकांवर फोडून मोकळे होण्याची आपल्याकडे एक सोयीस्कर प्रथा पडली आहे. भाड्याची गाडी घेऊन अनोळखी रस्त्यावर सुसाट सुटणारे पर्यटक निश्चितच दोषी आहेत. त्यांची गय करावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु फेब्रुवारी असो की जुलै, सकाळी नऊच्या सुमारास पर्वरीपासून मांडवीच्या पुलाकडे उतरणाऱ्या वाहनांवरील क्रमांकपट्ट्या पाहाव्यात. त्यांतील बहुतेक 'जीए' या अक्षरांनीच सुरू होतात. मार्गिका तोडणारे हात आपलेच आहेत, कर्णा दाबणारा अंगठा आपलाच आहे.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, पणजी आणि बेती यांच्यामधली भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली. त्या दिवसांत धक्क्यावर वाहनांच्या लांबलचक रांगा लागत. कुरकुर होई, भांडणेही होत, मध्येच घुसू पाहणारे महाभाग तेव्हाही होते. परंतु घुसणारास चारचौघे अडवीत, नावाने ओळखत, तोंडावर बोलत; आणि बोटीत त्यांच्याच शेजारी त्याला उभे राहावे लागे. महामार्गाने नेमकी ही लाज काढून घेतली आहे. काळ्या काचेआड बसलेल्या माणसाला चेहरा नसतो, आणि ज्याला तो हूल देऊन जातो त्यालाही त्याच्या लेखी चेहरा नसतो. देवळात दर्शनाच्या रांगेत निमूट उभा राहणारा, वडीलधारे माणूस आले की उठून जागा देणारा आपला सभ्य गृहस्थ मोटारीचे दार लावताच निराळाच होतो. ज्याच्या अंगावर तो गाडी घालतो तो कदाचित त्याच्याच वाड्यावरच्या कुणाचा मुलगा असेल, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

ज्या पत्रादेवीपाशी हा महामार्ग गोव्यात शिरतो तेथे हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींनी त्या सीमेवर पाऊल टाकले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्या छातीवर झेलल्या. प्रतिकार न करण्याची शपथ समोर बंदुका दिसत असतानाही पाळावयाची, यासाठी मनाला केवढी शिस्त लागत असेल! स्वातंत्र्य हे आत्मसंयमाच्या बळावर मिळते आणि त्याच बळावर टिकते, हा त्या पिढीचा विश्वास होता. त्याच स्मारकावरून आज सुसाट निघून जाणारा चालक 'रस्ता माझ्या बापाचा' अशा थाटात उजवी मार्गिका अडवतो, तेव्हा स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतील भेद आपण पुढल्या पिढीला शिकविलाच नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

उपदेश जनतेला आणि सूट सरकारला, असा पक्षपात मात्र आम्हांस मान्य नाही. अवजड वाहने डावीकडे का राहत नाहीत याचा शोध घेतला तर असे दिसते की डावी मार्गिका अनेक ठिकाणी खड्ड्यांनी, कडेला उभ्या केलेल्या गाड्यांनी आणि रस्त्यावरच थांबणाऱ्या बसगाड्यांनी व्यापलेली असते. उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीस्वाराला दोष द्यावा तर महामार्गाने त्याचे गाव मधोमध दुभंगलेले असते. पलीकडच्या दुकानात जायचे तर दुभाजकातील फट दूरवर, आणि सेवारस्त्याचा पत्ता नाही. ज्यांनी नकाशे आखले त्यांनी मोटारीचा विचार केला, गावच्या माणसाचा केला नाही. त्या दुचाकीस्वाराला दंड जरूर करावा. पण त्याला सेवारस्ताही द्यावा.

कायद्याचे बळ कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली नियमबाह्य रीतीने ओव्हरटेक करणे आणि वाहतुकीच्या उलट दिशेने वाहन हाकणे ही धोकादायक वाहनचालनाची कृत्ये म्हणून स्पष्टपणे नोंदली गेली आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. वळणाआड दबा धरून हेल्मेट आणि कागदपत्रे तपासणारा वाहतूक पोलिस आपल्या परिचयाचा आहे. उजवी मार्गिका अडवून चाललेल्या ट्रकला बाजूस घेणारा पोलिस किती जणांनी पाहिला आहे?

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. मांडवी आणि झुआरी येथील सेतू व त्यांचे जोडरस्ते यांवर अवजड वाहनांना डावी मार्गिका सक्तीची करून कॅमेऱ्यांच्या साहाय्याने तिचा अंमल करावा, आणि त्यासाठी ती मार्गिका आधी खड्डेमुक्त व मोकळी ठेवावी. वाहन परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा गिरविण्याबरोबरच चौपदरी रस्त्यावर मार्गिका कशी बदलावी, आरशात केव्हा पाहावे, खूण कधी द्यावी, याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. आणि ज्या वस्त्या महामार्गाने दुभंगल्या आहेत तेथे सेवारस्ते व पादचाऱ्यांना ओलांडण्याची सोय करण्याचा कालबद्ध कार्यक्रम सरकारने जाहीर करावा.

तोवर वाचकांनी स्वतःपुरते एवढे केले तरी पुष्कळ होईल. डावीकडून चालावे, उजवीकडून पुढे जावे, आणि पुढे जाऊन झाले की उजवी मार्गिका मोकळी करावी. मागून कोणी घाईने आला तर त्याच्याशी ईर्ष्या न करता त्याला वाट द्यावी. त्याच्या गाडीत रुग्ण असेल, प्रसूतीसाठी अडलेली बाई असेल, किंवा निव्वळ उतावळा माणूस असेल, पण वाट दिल्याने आपले काहीच जात नाही. घरी गणपतीची आरास मांडून माणसे आपली वाट पाहत आहेत. पाच-दहा मिनिटे उशिरा पोहोचलो तर आरती थोडी लांबेल, एवढेच. ज्या घरी वाट पाहूनही कोणी आले नाही त्या घरांत या चतुर्थीला आणखी एकाचीही भर पडू नये, अशी आमची सर्व वाहनचालकांना कळकळीची विनंती आहे.