नाकासमोरची पेन्सिल

मुलगा पुस्तक घेऊन बसला, की दहा मिनिटांत डोके टेबलावर! ‘नुसती टाळाटाळ,’ असे वडील म्हणतात. डोळे तपासलेले असतात, दृष्टी ६/६ अशी चिठ्ठीही घरात असते. चिठ्ठी खोटी नसते. पण स्नेलेन यांनी १८६२ साली काढलेला तो अक्षरांचा तक्ता मूल वाचते वीस फुटांवरून, एकेक डोळा झाकून. पुस्तक असते हातभर अंतरावर आणि वाचायचे असते दोन्ही डोळ्यांनी. ही जोडी जवळून कशी चालते, हे त्या बिचाऱ्या तक्त्याला कसे कळावे?

जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळावी लागतात. सुईत दोरा ओवणाऱ्याचे डोळे निरखा, म्हणजे ध्यानात येईल. हे वळणे अपुरे पडले, की ओळी एकमेकींवर चढतात आणि कपाळ ठणकते. माझ्याकडे सातवीतली एक मुलगी आली होती. धडा वाचताना ती डावा डोळा तळहाताने झाकी. घरच्यांना ती लकब वाटे. मी विचारले, तर म्हणाली, “नाहीतर ओळी दोन होतात.”

“मग घरी सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतं!”

दिवाळीच्या सुटीत मुले घरीच असतात. हवे तर करून पाहा. चष्मा असल्यास तो लावूनच. पेन्सिलीवर बारीकसे अक्षर चिकटवा, ती मुलाच्या नाकासमोर हातभर अंतरावर धरा आणि सावकाश जवळ आणा. अक्षर दोन दिसले, की त्याने सांगायचे. नुसते अंधूक झाले तर नाही. अंधूक होणे निराळे. (चाळिशीच्या मंडळींना ते लवकरच होईल!) तुम्ही मात्र त्याच्या डोळ्यांकडे पाहा. काही मुलांचा मेंदू एक चित्र गाळून टाकतो, त्यांना दोन दिसतच नाहीत. पण एक डोळा बाहेर सरकलेला तुम्हाला दिसतो. ते अंतर नाकाच्या मुळापासून मोजा. साधारण पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जोडी टिकली, तर छान. दहाच्या आसपासच फुटली, किंवा तीन-चार वेळा करताना अंतर वाढत गेले, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. सगळीच अभ्यासचुकार मुले या दुखण्याची नसतात. काही खरोखरच चुकार असतात.

घरच्या घरी पेन्सिलीचाच व्यायाम देऊन भागेल काय, असे पुष्कळजण विचारतात. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर १२ आठवडे प्रयोग झाला. निष्कर्ष २००८ साली छापून आले. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम आणि जोडीला घरचा सराव करणाऱ्यांपैकी ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. नुसती पेन्सिल घेतलेल्यांपैकी ४३ टक्के. त्या मुलीला मी पहिलाच मार्ग सांगितला.

मोठ्या माणसाला एकाएकी दोन दोन दिसू लागले, तर मात्र पेन्सिल शोधत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.