सुपरहिरोला मिरकरवाडा का चालत नाही?

"एवढेच नियम? मग हा गेम कसला, या तर गप्पा झाल्या." 'मास्क्स' टेबलावर काढला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारा बहुतेक वेळा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळून आलेला असतो, आणि त्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं: "आणि रत्नागिरीत कशाला? सुपरहिरो आहेत, मोठं शहर पाहिजे ना." या दोन्ही वाक्यांशी माझं भांडण आहे. खरं तर ते एकच भांडण आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी बसून तोंडी रचलेली गोष्ट. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण जीएम, बाकीचं सगळं जग तो चालवतो. एखादी गोष्ट जमेल की फसेल अशी शंका आली की फासे टाकायचे. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला आणि पुढे या खेळांची पुस्तकं जाड होत गेली. सुपरहिरोंच्या वाट्याला तर निव्वळ हिशेब आला. १९८१ च्या 'चॅम्पियन्स'मध्ये गुण मोजून शक्ती विकत घ्यायच्या: उडायला इतके, ताकदीला इतके. आवडणाऱ्यांना आवडो. मला दिवसभर लॅपटॉपवर तेच करायचे पैसे मिळतात.

ब्रेंडन कॉनवे यांचा 'मास्क्स' २०१६ चा. पुस्तक बारीक नाही, पण खेळाडूच्या हातात दोन-चार कागदच येतात. दोन साधे फासे टाका, बेरीज करा, त्यात कागदावरचा एक आकडा मिळवा. १० किंवा जास्त आले तर जमलं. ७ ते ९ आले तर जमलं, पण काहीतरी अर्धवट राहतं किंवा किंमत मोजावी लागते. ६ किंवा कमी आले तर पुढे काय ते जीएम ठरवणार, आणि तुमच्या कागदावर एक खूण. अशा पाच खुणा झाल्या की पात्र पुढे जातं. तुम्ही किती टन उचलता याची नोंद कुठेच नाही.

मग नोंद कशाची आहे? पाच लेबलांची. आम्ही त्यांना मराठीत विचित्र, धोकादायक, तारणहार, सरस आणि साधा असं म्हणतो. पात्रं सगळी कोवळ्या वयाची, आणि ही लेबलं स्थिर नसतात. ज्याचा तुमच्यावर प्रभाव आहे अशा माणसाने "तू असा आहेस" किंवा "जग असं असतं" म्हटलं, की एक लेबल वर जातं, एक खाली. आणि या खेळात सगळ्या मोठ्या माणसांचा तुमच्यावर प्रभाव असतोच. तो कमवावा लागत नाही, आधीपासून चालू असतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत डिफॉल्ट सेटिंग.

हा नियम वाचून ज्याला आपलं घर आठवत नाही त्याने हात वर करावा.

गेल्या गणपतीत मुंबई-पुण्याचे मित्र घरी आले होते तेव्हा आम्ही दोन रात्री खेळलो. पहिली रात्र एकाच्या हट्टापायी पुस्तकातल्या हॅल्सियन सिटीत, इंग्रजीत. सगळे डब केलेल्या सिनेमासारखे बोलत होते. पात्राला आई असूनही ती कशी रागावेल हे कुणाला सुचेना, कारण इंग्रजीत रागावणारी आई आमच्यापैकी कुणालाच नाही. दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "पोलीस तिकडे काय करतात? शाळेत लॉकर असतात ना?" नियम हलके, पण परकं जग खांद्यावर घेऊन फिरताना सगळ्यांची दमछाक.

दुसऱ्या रात्री गोष्ट मिरकरवाडा बंदरावर आणली. एका मैत्रिणीचं पात्र, नाव भरती: बाबांची बोट आहे, आणि हिला पाण्याखालचा प्रवाह ऐकू येतो. खलनायक म्हणजे बंदी असूनही रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी, आणि त्यांच्यामागे कुणीतरी दिसेनासं. भरती जेट्टीकडे निघाली आणि मी आत्याच्या आवाजात म्हटलं, "तू कशाला गो जातेस? बाबा आहेत, भाऊ आहे. तू आपली बारावी कर." बस. धोकादायक एकने खाली, साधी एकने वर. ना कुणी ठोसा मारला, ना लेझर सोडला, तरी टेबलावरचे सगळे गप्प झाले. त्या मैत्रिणीने कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही ऐकणार." मोठ्यांचं म्हणणं नाकारायचं तर फासे टाकावे लागतात, आणि या एका वेळी कागदावरचं कुठलंच लेबल बेरजेला येत नाही. उघडे फासे. इतका प्रामाणिक नियम मी दुसऱ्या खेळात पाहिलेला नाही. तिला सात आले.

म्हणून 'नियम कमी म्हणजे गप्पा' हे मला पटत नाही. छापील नियम कमी झाले की बाकीचं वजन टेबलावरच्या सामायिक माहितीवर पडतं. आत्या काय बोलेल, जेट्टीवर कोण कुणाला ओळखतं, अपमान कुठल्या शब्दाला म्हणायचं. ही माहिती न्यूयॉर्कची असेल तर आपण कायम पाहुणे.

कोकणाला हे कुणी शिकवायला नको. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान, कुणाची एंट्री कधी, हे आधी ठरतं. संवाद उभ्या उभ्या रंगमंचावर सुचतात. आमच्या नमनातला संकासुर समोर बसलेल्या गावाकडे बघून बोलतो. प्रेक्षकांना गोष्ट पाठ असते म्हणूनच नटाला मोकळीक मिळते. याला गप्पा म्हणायची कुणाची छाती आहे?

मोठं शहर पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी मालेगाव आहे. तिथे पॉवरलूमवर राबणाऱ्या शफीक शेखला नासिर शेख यांनी सुपरमॅन केलं, आणि फैझा अहमद खान यांनी त्या खटाटोपावर २००८ साली माहितीपट केला. २०२१ चा 'मिन्नल मुरली' तर सरळ केरळातल्या एका गावात घडतो, नायक शिंपी. दोन्ही ठिकाणी अंगावरचे कपडे सुपरहिरोचे, पण अडचणी गावातल्याच.

आता यावर एक प्रतिक्रिया ठरलेली आहे: "बरोबर, आपले देवच सुपरहिरो, त्यांनाच घ्या." नको. देव कसे संपणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यांना उलट बोलायची सोय नसते. पुराणातून घ्यायचंच असेल तर एक प्रसंग घ्या. समुद्राकाठी गप्प बसलेल्या हनुमानाला त्याची ताकद जांबवंताने सांगावी लागली. वडीलधाऱ्याचं एक वाक्य, आणि लेबल बदललं. 'मास्क्स'ला तीच भीती आणि तीच आशा आहे. फरक इतकाच की आमच्या ओळखीचे बरेच जांबवंत "बस खाली" म्हणतात.

खेळायला फार काही लागत नाही. फासे लुडोच्या डब्यातून घेतले, लेबलं वहीच्या पानांवर मराठीत लिहिली. पात्रांच्या साच्यांची भाषांतरं चालू आहेत. 'बुल' आणि 'आउटसायडर' सहज झाले. 'जेनस'वर अडलोय, म्हणजे ज्याला घर, कॉलेज आणि मुखवटा तिन्ही सांभाळायचे असतात तो. एकाने 'बहुरूपी' सुचवलं. पण बहुरूपी दारोदार जाऊन सोंग दाखवतो, आणि हा पोरगा तर सोंग घरच्यांपासून लपवतो. शब्द सापडला तर कळवा.