म्हातारपण आपल्याच घरी : प्रश्न जिन्याचा आणि निवृत्तिवेतनाचा

वृद्धांचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच ठिकाणी जाऊन थांबते. मुलांनी आईवडिलांना सांभाळावे, हे एक. आणि मुले सांभाळीत नसतील तर वृद्धाश्रम काढावेत, हे दुसरे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी संसदेने २००७ साली केलेला कायदाही याच दोन खांबांवर उभा आहे. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारी न्यायाधिकरणे त्याने निर्माण केली आणि निराधारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याची तरतूद केली. परंतु लालबाग-परळच्या चाळीतील सत्तरीच्या माणसाला बहुधा या दोहोंपैकी काहीच नको असते. आपल्याच खोलीत, ओळखीच्या शेजारात, कोणाच्या मेहेरबानीवाचून राहता यावे, एवढेच त्याचे मागणे असते. ते वरवर साधे दिसते. पण ते पुरे व्हावयाचे तर जिना, संडास, पाणी, औषध आणि दरमहा हाती पडणारा पैसा इतक्या गोष्टी ठीक असाव्या लागतात, आणि यांतील एकही गोष्ट एकट्या कुटुंबाच्या हातात नाही. म्हणून हा प्रश्न राजकीय आहे.

गिरणगावातील चाळी बांधल्या गेल्या त्या तरण्या कामगारांसाठी. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी व शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास साऱ्या मजल्याचा सामाईक. पंचविशीत ज्या जिन्याची जाणीवही होत नव्हती, तोच जिना सत्तरीत घराची सीमा ठरतो. गिरगावातील लाकडी जिन्यांचे कठडे हलतात, पायऱ्या झिजल्या आहेत, दिवा असेलच असे नाही. रात्री ओल्या बोळातून संडासापर्यंत जाणे नको म्हणून संध्याकाळपासूनच पाणी कमी पिणारे वृद्ध चाळीचाळीत आढळतात. एकदा पडून खुब्याचे हाड मोडले की तोवर स्वतंत्र असलेला माणूस कायमचा परावलंबी होतो. ते पडणे नशिबाचे मानले जाते. वस्तुतः ते बरेचदा न झालेल्या दुरुस्तीचे फळ असते. या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर बसविला. उपकर घेतला जातो, तर कठडा, दिवा आणि संडासातील हातधरणी हा रहिवाशांचा हक्क आहे.

दुसरी बाजू पैशाची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांपैकी हजारो पुन्हा कधीच गिरणीत परतले नाहीत. भविष्य निर्वाह निधीला जोडलेली निवृत्तिवेतन योजना आली १९९५ साली. म्हणजे संपात नोकरी गेलेल्यांना तिचा उपयोग नव्हता. जे तिच्यात आले, त्यांच्यासाठी २०१४ साली किमान रक्कम ठरली ती महिना १००० रुपये. उरली ती निराधारांसाठीची श्रावणबाळ योजना. २०२३ साली तिची रक्कम १५०० रुपये झाली, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजारच राहिली. मुलगा सुरक्षारक्षक म्हणून जरी राबत असला तरी या मर्यादेत बसत नाही. म्हणजे मुलाच्या पगारामुळे आईचे निवृत्तिवेतन जाते आणि औषधाच्या गोळीसाठी तिला मुलापुढेच हात पसरावा लागतो. स्वावलंबनाची भाषा करणाऱ्या राज्यात परावलंबनाची याहून चोख व्यवस्था शोधून सापडणार नाही.

पुनर्विकासाने हे सुटेल, असे सांगितले जाते. घरात संडास, दाराशी उद्‌वाहन आणि ५०० चौरस फुटांची जागा या गोष्टी खऱ्याच मोलाच्या आहेत; वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशी घरे मिळाली, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु चाळीने एक गोष्ट फुकट दिली होती. सकाळी दार उघडले नाही तर शेजारीण हाक मारीत असे. उंच मनोऱ्यातील बंद दारामागे ती हाक पोहोचत नाही. शिवाय खाजगी पुनर्विकासात दरमहाचा देखभालखर्च सुरू होतो आणि तो १५०० रुपयांतून कसा द्यावयाचा हे करारनाम्यात कोठेच लिहिलेले नसते. दूरच्या संक्रमण शिबिरात काढावी लागणारी वर्षे तरुणाला अडचणीची वाटतात. पंचाहत्तरीच्या माणसाचे तेवढेच आयुष्य उरलेले असते.

काळजी घ्यावयाची कोणी, हा प्रश्न उरतोच. आज ती सून, मुलगी वा पत्नी घेते. विनामूल्य, आणि बहुधा स्वतःची नोकरी सोडून. या श्रमाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही, म्हणून ते दिसतही नाहीत. डेन्मार्कने १९८७ च्या कायद्यानंतर नवे वृद्धाश्रम बांधणे थांबवून घरपोच मदतीची जबाबदारी नगरपालिकांवर दिली. तो देश श्रीमंत आहे, असा आक्षेप घेता येईल. पण केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारून खाटेला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठविण्याचे काम स्थानिक संस्थांकडे दिलेच. मुंबईतही पाया तयार आहे. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघर जातात. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची परंपरा गिरणगावात आहे, आणि त्यांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. वृद्धांचा डबा आणि आठवड्याची भेट ही कामे या स्त्रियांकडे सोपविता येतील. मात्र पुऱ्या वेतनाने. सेवाभावाच्या नावाखाली पुन्हा स्त्रियांचेच फुकट श्रम वापरणे समाजवाद्यांना मान्य होता कामा नये.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. निवृत्तिवेतन व्यक्तीचा हक्क म्हणून, मुलाचे उत्पन्न न पाहता आणि महागाईशी जोडून मिळावे. पुनर्विकासाच्या प्रत्येक करारात वृद्धांना खालचा मजला मागण्याचा हक्क, त्याच विभागात तात्पुरते घर आणि मजल्यावर बसण्या-बोलण्याची सामाईक जागा असावी. घरपोच मदतीसाठी महापालिकेने प्रत्येक प्रभागात स्वतंत्र तरतूद करावी.

परंतु मागणीपत्राआधीचे काम कार्यकर्त्यांचे आहे. आपल्या विभागातील प्रत्येक चाळीत कोण एकटे राहते, कोणत्या मजल्यावर राहते, शेवटचे खाली केव्हा उतरले आणि दरमहा किती पैसे हाती येतात, याची वही शाखाशाखांनी तयार करावी. मोर्चाला बोलावले तेव्हा हीच माणसे चार मजले धावत उतरली होती. आता त्यांच्यासाठी चार मजले चढून जाण्याची पाळी चळवळीची आहे.