बिऱ्हाड हलवता आलं पाहिजे!

"ब्राउझर बदल ना," असं कुणालाही सुचवून बघा. उत्तर ठरलेलं, "अरे, पण माझे बुकमार्क्स आहेत त्यात!" सबमिशनच्या आदल्या रात्री सापडलेली ट्युटोरियल्स, डेटाशीट्स, गेटचे जुने पेपर्स... तीन वर्षांचा संसार! तो टाकून जायचं कसं?

तर मित्रांनो, जाता येतं, आणि तेही दोन मिनिटांत. विंडोजवर क्रोम असो की फायरफॉक्स, कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा. समोर येणाऱ्या खिडकीतल्या मेन्यूत एक्स्पोर्ट सापडेल. एक एचटीएमएल फाइल मिळते. नव्या ब्राउझरमध्ये ती इंपोर्ट केली, की फोल्डर्ससकट सगळे हजर! फक्त एक लक्षात ठेवा, यात नुसते पत्ते असतात. पासवर्ड येत नाहीत, आणि मूळ पानच नेटवरून उडालं असेल तर बुकमार्क बिचारा काय करणार?

खरी गंमत पुढे आहे. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत नाव दिसेल, नेटस्केप! १९९४ साली आलेला ब्राउझर. १ मार्च २००८ ला त्याचा सपोर्टही बंद झाला. तेव्हा आमची बॅच बालवाडीतसुद्धा गेली नव्हती. आज फायरफॉक्स बुकमार्क्स एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो, क्रोम जेसनमध्ये. घरात प्रत्येकाची भाषा वेगळी, पण निरोप देताना दोघेही त्या दिवंगत ब्राउझरचीच भाषा बोलतात. ब्राउझर गेला, फॉरमॅट राहिला. कारण सोपं आहे, तो साधा टेक्स्ट आहे, कुणालाही वाचता येणारा.

प्रत्येक सॉफ्टवेअरला हे का जमू नये? आत या म्हणून सगळेच आग्रह करतात, बाहेरचं दार मात्र शोधावं लागतं. कधीकधी ते नसतंच. आमच्या वर्गातल्या एका मुलीने दोन सेमिस्टरच्या नोट्स एका अ‍ॅपमध्ये लिहिल्या होत्या. ते बंद होणार अशी मेल आली, आणि एक्स्पोर्टची सोयच नाही! परीक्षेच्या तोंडावर बिचारी रात्रभर स्क्रीनशॉट काढत बसली. नोट्स तिच्या, मेहनत तिची, आणि किल्ली दुसऱ्याकडे. हा कुठला न्याय?

कंपन्यांना नावं ठेवणं सोपं आहे हो. पण आपल्या फायनल इयर प्रोजेक्ट्सचं काय? लॉगिन पेज असतं, रंगीत डॅशबोर्ड असतो, एक्झामिनरला दाखवायला ग्राफ असतात. वापरणाऱ्याला स्वतःचा डेटा घेऊन जाता येईल असं बटण किती जणांनी दिलंय? सीएसव्ही फाइल लिहायला फार कोड लागत नाही, इच्छा लागते. उद्या हीच सवय घेऊन आपण नोकरीला लागणार आहोत, म्हणून आत्ताच बोलतेय.

तेव्हा यंदाच्या प्रोजेक्टमध्ये ते एक बटण टाकाच. आणि आज रूमवर गेल्यावर स्वतःचे बुकमार्क्स एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा. ब्राउझर बदलायचा नसला, तरीही!